सेल्फ मारण्याआधी बॉनेट उचला: उभ्या ट्रॅक्टरची वायरिंग उंदरांपासून कशी वाचवायची

पेरणी उरकली, कोळपणी-फवारणी झाली की आपल्याकडे ट्रॅक्टरला दीड-दोन महिने फारसं काम उरत नाही. श्रावण-भाद्रपदात तो आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीवरच्या, पत्र्याखाली उभा राहतो. मग सोयाबीन पिवळं पडतं, मळणी यंत्र जोडायची वेळ येते, आपण चावी फिरवतो आणि सेल्फ नुसता ‘टक्’ करून गप्प बसतो. बॉनेट उचलावं तर आत वायरींचे तुकडे, सीटच्या फोमचा भुगा आणि उंदराच्या मुताचा उग्र वास.

ज्यांच्या दारात यंदा पहिल्यांदाच ट्रॅक्टर आलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी शेती परभणी जिल्ह्यातली, काळी भारी जमीन. एक ट्रॅक्टर, एक मळणी यंत्र, रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्र, सगळं एकाच पत्र्याच्या शेडात. उंदरांनी मला जे शिकवलं ते एवढंच: वायरिंग वाचवायचं बहुतेक काम ट्रॅक्टर उभा करायच्या दिवशीच होतं. पिंजरा आणि औषध ही मागची कामं आहेत. उंदीर आपल्याकडे वायर खायला येतच नाही. तो दाणा आणि आडोसा शोधत येतो. दोन्ही मिळाले की मुक्काम करतो, आणि मुक्काम केला की दात चालवतो.

माझं नुकसान कसं झालं ते आधी सांगतो, कारण ती चूक घाईची होती आणि हंगामात घाई सगळ्यांनाच असते. सोयाबीनची गंजी लागलेली, आभाळ भरून आलेलं, मजूर येऊन बसलेले. सेल्फ उचलेना म्हणून बॅटरी उतरली असेल असं मी धरून चाललो आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून केबल लावली. बॉनेट उचलून आतली वायरिंग पाहायचं सुचलं नाही. चावी फिरवल्याबरोबर डॅशबोर्डखालून धूर निघाला. कुरतडलेली वायर एकच होती, पण ती मेन प्लसची आणि उघडं तांब बॉडीला टेकलेलं. त्या वायरीवर फ्यूज नव्हता. एका वायरीमुळे अख्खा हार्नेस, म्हणजे ट्रॅक्टरभर फिरणारी वायरींची जुडी, जळाला आणि नवीन सेट टाकायला तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत पाऊस झाला आणि गंजीतल्या वरच्या शेंगांना कोंब फुटले. वायरिंगच्या खर्चापेक्षा ते कोंब मला जास्त लागले.

उंदीर कधी येतो

काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगा म्हणजे उंदरांची तयार घरं. पावसाळ्यात माती फुगून भेगा मिटतात, बिळांत पाणी शिरतं आणि उंदीर उंचवट्यावर सरकतात. शिवारात उंचवटा म्हणजे आपला आखाडा. ही पहिली लाट नेमकी ट्रॅक्टर उभा असतानाच येते. दुसरी येते सोयाबीन कापल्यावर. रानातला आडोसा एकदम नाहीसा होतो आणि शेडात दाणा, भुसकट, पोत्यांची थप्पी सगळं मांडून ठेवलेलं असतं. रब्बीची ज्वारी-हरभरा निघाल्यावर कडबा आणि कुटार घरी येतं, तेव्हाही त्यांची वर्दळ वाढते.

वायरच का कुरतडतो? त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. शिवाय वायरीवरचं मऊ प्लास्टिक, टेपचे तुकडे आणि फोम घरट्याच्या कामी येतात. इंजिनाजवळची जागा अंधारी, कोरडी आणि वाऱ्यापासून आडोशाची. घरात फिरणाऱ्या बारीक उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच-सहा पिल्लं देते, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. नागपंचमीला आत शिरलेल्या जोडीचा दसऱ्यापर्यंत केवढा संसार होतो ते यावरून लक्षात येईल.

कोण आलंय ते ओळखा

शेडात तीन प्रकारचे पाहुणे असतात. बारीक घरउंदीर, मोठा काळा उंदीर आणि घूस. घरउंदराची लेंडी तांदळाच्या दाण्यापेक्षाही बारीक, दोन्ही टोकांना निमुळती. मोठ्या उंदराची अर्धा इंच लांब. घुशीची खूण लेंडीपेक्षा बिळावर दिसते: भिंतीच्या पायाशी उकरलेल्या ताज्या मातीचा ढीग. घूस सहसा वायरीपर्यंत चढत नाही, ती पाया पोखरते. वायरी कुरतडणारे मुख्यतः पहिले दोघं. कधीकधी खारसुद्धा एअर क्लिनरच्या तोंडाशी काथ्या-कापूस आणून भरते. तिला मारू नका, जाळी लावली की ती दुसरीकडे जाते.

खात्री नसेल तर संध्याकाळी ट्रॅक्टरच्या चारही चाकांभोवती आणि भिंतीच्या कडेने चाळलेली राख पातळ पसरा. सकाळी पावलं दिसतात, मध्ये शेपटीची रेघ दिसते, आणि मुख्य म्हणजे उंदीर कोणत्या चाकावरून वर चढतो ते कळतं. बिळं जिवंत आहेत का हे पाहायचं असेल तर संध्याकाळी सगळी चिखलाने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तेवढीच वापरात आहेत.

उभा करायच्या दिवशी

या कामाला निम्मा दिवस काढा. संध्याकाळी अंधार पडताना ट्रॅक्टर आत लोटून घरी जायचं, असं करू नका.

आधी दाणा काढा. दाणे किती ठिकाणी लपतात ते पाहिल्याशिवाय पटत नाही. पाय ठेवायच्या पत्र्याच्या कोपऱ्यात, बॅटरीच्या पेटीत, रेडिएटरच्या पुढच्या जाळीत, सीटखाली, हत्यारांच्या डब्यात. ड्रायव्हर फडक्यात भाकरी बांधून आणतो, शेंगदाण्याची पुडी डब्यात ठेवतो. तो डबा पूर्ण रिकामा करा. पेरणी यंत्राच्या पेटीत बी राहतं आणि खताच्या नळीतही दोन-चार दाणे अडकतात. मळणी यंत्र तर उंदराची खानावळ आहे. चाळण्या काढून झटका, तळाचं झाकण उघडा, यंत्र रिकामंच दहा मिनिटं चालवा म्हणजे आत अडकलेलं बाहेर पडतं. त्याचे पट्टे सैल करून काढता आले तर काढून घरात टांगा, कारण पट्ट्यांचं रबरही कुरतडलं जातं. मग कॉम्प्रेसरने हवा मारा, धुवा आणि उन्हात पूर्ण वाळू द्या. ओल्या कनेक्टरवर ट्रॅक्टर उभा केला तर उंदराआधी गंज येतो.

दुसरं काम बॅटरीचं. आधी मायनसची केबल काढा, मग प्लसची. क्रम उलटा केला आणि प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर जोरात ठिणगी उडते. लावताना आधी प्लस, शेवटी मायनस. पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभा राहणार असेल तर किमान मायनस काढून ठेवाच. उंदराने वायर उघडी केली तरी शॉर्ट होऊन आग लागत नाही, बॅटरीही उतरत नाही. रोज केबल काढायचा कंटाळा असेल तर मायनसच्या केबलवर कटऑफ स्विच बसवून घ्या. माझ्या मते नवीन ट्रॅक्टरवर करायचा हा पहिला खर्च आहे, म्युझिक सिस्टिमच्या आधीचा.

तिसरं, भोकं झाका. सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा उलटा घाला. एअर क्लिनरच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बांधा. इथे एक गोष्ट विसरू नका: डबा घातला की स्टिअरिंगला लाल फडकं बांधा. घरातल्या कुणीही चावी लावण्याआधी त्याला कळायला हवं की काहीतरी झाकलेलं आहे.

चौथं, वायरींचं संरक्षण. बॅटरीपासून सेल्फपर्यंत आणि पुढे डॅशबोर्डकडे जाणारी वायरींची जुडी जिथे उघडी असेल तिथे नालीदार प्लास्टिक स्लीव्ह चढवा. ती उंदराला पूर्ण अडवत नाही, पण थोपवते. लोखंडी लवचिक पाइप जास्त टिकतो, मात्र त्याची टोकं रबराने गुंडाळा आणि बॅटरीच्या प्लसजवळ तो अजिबात येऊ देऊ नका. वायरींवर जळकं ऑइल फासायची एक पद्धत आहे. ती करू नका. ऑइलने वायरीचं आवरण फुगतं-मऊ पडतं, धूळ चिकटते, आणि ठिणगी पडली तर तेच ऑइल पेटतं.

ताडपत्रीबद्दल नव्या माणसाचा हमखास गैरसमज असतो. ट्रॅक्टर चाकांसकट जमिनीपर्यंत झाकला की तो सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात उंदराला अंधारा तंबू बांधून दिल्यासारखं होतं. ताडपत्री बॉनेट आणि सीटपुरती टाका, खालून हवा-उजेड खेळू द्या. शेड बंदिस्त असेल आणि पाऊस आत येत नसेल तर मी बॉनेट उघडंच ठेवतो. उजेड आणि वारा आला की उंदराला तिथे घरटं करावंसं वाटत नाही.

जागा

ट्रॅक्टर कडब्याच्या गंजीला टेकून उभा करू नका. कुटाराचा ढीग, पऱ्हाट्या-तुराट्यांचे भारे, ढेपेची आणि बियाण्याची पोती, हे सगळं ट्रॅक्टरपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवा. भिंतीपासून चारही बाजूंनी निदान तीन फूट मोकळी जागा हवी, म्हणजे झाडता येतं आणि उंदराला उघड्यावरून जावं लागतं. पोती लाकडी ओंडक्यांवर रचा, खाली झाडू फिरला पाहिजे.

घरउंदीर ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, म्हणजे ज्या भोकात पेन्सिल जाते त्यातून तोही जातो. मोठ्या उंदराला अर्धा इंच पुरतो. पत्रा आणि भिंत यांच्यामधली नालीदार फट ही सगळ्यात दुर्लक्षित वाट आहे. तिथे भांडी घासायची तारेची घासणी दाबून भरा आणि वरून सिमेंट लिंपा. नुसत्या मातीने किंवा कापडाने बुजवलेलं भोक दुसऱ्या दिवशी उघडं असतं. घुशीच्या बिळात सिमेंटबरोबर फुटक्या काचा भरायची जुनी रीत चांगली आहे, फक्त पोरं आणि जनावरं फिरतात तिथे वर काच उघडी राहू देऊ नका. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी मारा. बोअरच्या स्टार्टरची पेटी शेडातच असेल तर केबल आत जाते ते भोकही बुजवा.

दर आठवड्याची फेरी

आठवड्यातून एकदा, वार ठरवून. हातातली टॉर्च घेऊन जा. बॉनेटखाली, बॅटरीच्या पेटीत, फ्यूज बॉक्सच्या झाकणाखाली, एअर क्लिनरच्या डब्यात आणि सीटखाली उजेड टाका. लेंड्या, फोमचा भुगा, प्लास्टिकचे बारीक कण दिसतात का ते पाहा.

मागच्या वर्षी मला एअर क्लिनरच्या डब्यात घरटं सापडलं. वाटीएवढं. सीटचा पिवळा फोम, सोयाबीनची टरफलं आणि कुणाच्या तरी लुगड्याच्या काठाचा हिरवा धागा, सगळं एकमेकांत विणल्यासारखं. मध्ये गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं. शेजारीच एका वायरीचं आवरण बोटभर सोललेलं होतं, त्यावर दातांच्या जोडजोड रेघा, आणि आतलं तांब ब्लेडने खरडल्यासारखं चकचकीत. तांब चकचकीत असेल तर कुरतडणं ताजं आहे. काळं-हिरवं पडलं असेल तर जुनं.

घरटं कोरड्या हाताने उचलू नका आणि त्यावर हवा मारू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, घरट्यावर आणि लेंड्यांवर ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, दहा मिनिटांनी ओलंच उचलून खड्ड्यात पुरा. ब्लीचिंगचं पाणी कनेक्टरवर मात्र सांडू देऊ नका. ते कॉन्टॅक्ट क्लिनरच्या स्प्रेने साफ करा, कारण मुतामुळे पिना गंजतात आणि तो दोष महिन्याभराने उगवतो.

ही पाहणी झाली, काही सापडलं नाही, तरच पंधरा दिवसांतून एकदा डबा-जाळी काढून, बॅटरी जोडून ट्रॅक्टर वीस मिनिटं चालवा आणि जमलं तर जागा बदलून उभा करा. आवाज, हादरा आणि बदललेली जागा, तिन्ही उंदराला नकोसं असतं.

पिंजरा आणि औषध

शेडात माझा भर चाप आणि पिंजऱ्यावर असतो. उंदीर भिंतीच्या कडेने चालतो, म्हणून चाप भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे. खोबऱ्याचा तुकडा, भाजलेला शेंगदाणा किंवा शिळं भजं, तिन्ही चालतात. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस चाप न ताणता नुसतं आमिष ठेवा. त्याने निर्धास्त खायला सुरुवात केली की मग ताणा. एकच चाप लावून महिनाभर वाट पाहण्यापेक्षा एका रात्रीत सहा-सात लावलेले बरे.

विषारी औषध शेवटी, आणि ट्रॅक्टरवर कधीच नाही. बॉनेटमध्ये वडी ठेवली तर उंदराला आपणच तिथे जेवायला बोलावतो, आणि मेला तर आतच कुजतो. ब्रोमाडिओलोनच्या तयार वड्या मिळतात. त्याने रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे बाकीच्यांना संशय येत नाही. प्लास्टिक पाइपच्या दीड-दोन फुटी तुकड्यात मधोमध वडी ठेवून तो तुकडा भिंतीलगत बांधा, म्हणजे कोंबडी, कुत्रं, वासरू यांचं तोंड तिथे जात नाही. झिंक फॉस्फाईड झटपट मारतं, पण त्यावर उतारा नाही आणि अर्धवट विष खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला शिवत नाही. नवख्या माणसाने गोठ्याला लागून असलेल्या शेडात ते वापरूच नये असं मी स्पष्ट सांगेन. धान्यात टाकायच्या फॉस्फाईडच्या गोळ्या बिळात घालायचा प्रकारही तसाच. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत माणसाचाही जीव घेतो. कुणाच्या पोटात विष गेल्याची शंका आली तर घरगुती उपाय करत बसू नका, औषधाचं पाकीट घेऊन थेट दवाखाना गाठा. ब्रोमाडिओलोनवर व्हिटॅमिन के-१चा उतारा असतो, पण तो डॉक्टरनेच द्यायचा. मेलेले उंदीर रोज सकाळी वेचून विहिरीपासून लांब खोल पुरा, नाहीतर मांजर आणि घुबड तेच खाऊन मरतात.

घुबडाचं नाव काढलं की आपल्याकडे लोक अपशकुन म्हणतात. माझ्या आखाड्याजवळच्या चिंचेवर गव्हाणी घुबडाची जोडी आहे आणि तिचं मुख्य खाणं उंदीरच आहे. धामणीचंही तसंच. दोघांनाही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या हिताचं त्यातच आहे.

डांबरगोळ्या, तंबाखूचं पाणी, मिरचीची धुरी, आवाज करणारी विजेची यंत्रं, लोक हे सगळं सुचवतात. उघड्या शेडात वास चार दिवसांत उडतो आणि आवाजाला उंदीर सरावतो. दाणा-आडोसा तसाच ठेवून यांच्यावर विसंबू नका. डांबरगोळ्या लहान मुलांच्या हाती लागतील अशा जागी तर मुळीच नकोत.

वायर तुटलीच तर

चावी फिरवू नका. मायनस काढा, मोबाइलमध्ये चार फोटो घ्या आणि हार्नेस हाताने चाचपत हेडलाइटपासून डॅशबोर्डपर्यंत जा. उंदीर एकाच ठिकाणी थांबलेला नसतो.

ट्रॅक्टर कॉमन रेल इंजिनाचा, म्हणजे डिझेल कॉम्प्युटरच्या हुकमाने सोडणाऱ्या इंजिनाचा असेल तर सेन्सरच्या आणि ईसीयूच्या (त्या कॉम्प्युटरच्या) वायरी घरी जोडू नका, टेस्ट लॅम्पही टोचू नका. १ जानेवारी २०२३पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं, त्यामुळे या गटात अशी इंजिनं आलीत. तिथे स्कॅनरवाला जाणकार मेकॅनिकच बोलवा.

साध्या पंपाच्या ट्रॅक्टरची वायर मात्र थोड्या सरावाने जोडता येते. काळवंडलेला भाग कापून चकचकीत तांब येईपर्यंत मागे या. तुकडा टाकायचा तर त्याच जाडीचा आणि शक्यतो त्याच रंगाचा घ्या. बारीक वायर टाकली तर ती तापते. हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) आधी वायरीत ओवून ठेवा, नंतर ती घालता येत नाही. पीळ द्या, कथिलाने सोल्डर करा, नळी वर सरकवून गरम करा, मग टेप आणि स्लीव्ह. जोडलेली वायर फॅन आणि सायलेन्सरपासून लांब बांधा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा घालणारे पाहिलेत, पुढच्या वेळी त्यांचा हार्नेस जळतो.

शेवटी एक तपासणी, जी त्या दिवशी मी केली असती तर धूर निघाला नसता. प्लसची केबल लावा. सगळे स्विच बंद ठेवा. मायनसची केबल बॅटरीला थेट न लावता मध्ये १२ व्होल्टचा एक बल्ब धरा, बल्बची एक वायर केबलला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला. बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी उघडी वायर अजून बॉडीला टेकलेली आहे. हार्नेस हलवत जा, जिथे हलवल्यावर बल्ब विझतो तिथेच दोष. बल्ब पेटलाच नाही तर मायनस घट्ट करा, एकेक लाइट लावून पाहा, सायलेन्सरवरचा डबा आणि एअर क्लिनरची जाळी काढलीय ना ते बघा, लाल फडकं सोडा आणि सेल्फ मारा. पाच मिनिटं बॉनेट उघडंच ठेवून चार्जिंगच्या लाइटवर आणि वायरींवर नजर ठेवा. वास नाही, धूर नाही, लाइट विझलेला, मग मळणी यंत्राकडे वळा.